तान्ह्या पोळ्यातला हायकू

“तळ्यात म्हैस
पाठीवर बगळा
दोघंही गप्प”

एवढं वाचून मी थांबले आणि पुस्तक वर्गाकडे वळवून उंच धरलं. चित्र मीच काढलेलं होतं. पानभर हिरवट पाणी, मधोमध म्हशीची काळी पाठ, पुढे दोन शिंगं, आणि पाठीवर एका पायावर उभा असलेला बगळा. चौथीचा सगळा वर्ग चित्राकडे टक लावून बघत होता. कोणी हलेना, कोणी खोकेना. मी मनात म्हटलं, वृंदाबाई, जिंकलंस. पहिल्याच पुस्तकात पोरांची समाधी लागली.

तेवढ्यात मागच्या ओळीतला एक काटकुळा मुलगा ताडकन उठला, मूठ वर केली आणि कौलं हलतील अशा आवाजात ओरडला, “हर बोला हर हर...”

“महादेव!” सगळा वर्ग गरजला.

माझ्या हातातली म्हैस खाली पडली. पलीकडच्या वर्गातून भोयर गुरुजी चष्मा पुसत दारात आले. शाळेत शिक्षक दोनच. त्यातले दुसरे प्रशिक्षणाला गेलेले, म्हणून तर गुरुजींनी मला दुपारचा तास आनंदानं देऊन टाकला होता.

“काय झालं जी?”

“काही नाही गुरुजी. कविता वाचत होते.”

“हां, मंग ठीक हाय,” म्हणाले आणि निघून गेले.

यात ठीक काय होतं ते मला कळेना. मुठीवाला मुलगा अजून उभाच होता. त्याचं नाव गजू डाखोरे. त्याच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल खरीखुरी सहानुभूती होती.

“बाई, तुमची झडती लय लहान हाय,” तो म्हणाला. “पण म्हशीवरची झडती पह्यल्यांदाच आयकली. तुमी काळजी नका करू, मी वाढवून देतो.”

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पोळा आठवड्यावर आला होता. आमच्या विदर्भात पोळ्याला गावचे बैल सजून तोरणाखाली उभे राहतात, आणि खणखणीत गळ्याचा एखादा माणूस पुढे येऊन झडती म्हणतो. म्हणजे यमक जुळवून आपल्या बैलाची तारीफ, आपल्या गावाची बढाई, आणि जमलं तर पाटलाच्या मेव्हण्याची थोडी टर. शेवटी तो हात उंचावून ‘हर बोला’ची आरोळी देतो, गाव ‘महादेव’ म्हणून उत्तर देतं, आणि तेव्हाच झडती संपली असं धरतात. तोपर्यंत सगळे श्वास रोखून उभे. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, म्हणजे मुलांचा. मुलं लाकडाचे, चाकं लावलेले बैल सजवून ओढत आणतात, मोठ्यांसारख्याच झडत्या म्हणतात आणि बोजारा म्हणून खाऊ किंवा नाणी घेऊन घरी जातात. जनावर आलं, चार शब्द आले, की पुढे महादेव यायलाच हवा. पिंपळझरीच्या मुलांचं यात काहीच चुकलं नव्हतं.

चुकलं होतं ते माझं गणित. आणि ते चुकून चालणार नव्हतं.

त्याचं असं झालं. चित्रकलेचा डिप्लोमा घेऊन मी नागपूरला घरी बसले होते आणि प्राण्यांची छोटी छोटी पुस्तकं करत होते. हातानं काढलेली, हातानं शिवलेली, प्रत्येकाची एकच प्रत. एका पुस्तकात म्हैस, एकात खार, एकात मांजर. प्रत्येक चित्राखाली तीन ओळींचा हायकू. हायकू जपानचा, पाच-सात-पाच अक्षरांचा, डोळ्यांना दिसलं तेवढंच सांगून गप्प बसणारा. मला त्याचं वेड लागलं होतं. बाबांना माझ्या वेडापायी वेड लागायची पाळी आली होती. त्यांनी एका पतसंस्थेत माझी कारकुनी पक्की करून टाकली. पोळा झाला की रुजू व्हायचं.

मी पुस्तकं काखोटीला मारून सीताबर्डीला पळसोकरांकडे गेले. पळसोकर म्हणजे आमच्याकडचे मुलांच्या पुस्तकांचे प्रकाशक. पोट सुटलेला, हसरा, पण व्यवहाराला पक्का माणूस. त्यांनी सगळी पुस्तकं मन लावून पाहिली. एकदा नव्हे, दोनदा.

“चित्रं फर्स्ट क्लास,” ते म्हणाले. “पण हे तीन ओळींचं काय आहे? पोरांना कळतं का हे?”

“कळतं ना.”

“कोणत्या पोराला कळलं?”

आता आली का पंचाईत! मी एकाही पोराला ते दाखवलं नव्हतं.

“हे बघ वृंदा,” ते म्हणाले, “माझी सासुरवाडी पिंपळझरी. दरवर्षी तान्ह्या पोळ्याला मला तिथे बक्षिसं वाटायला बसवतात. यंदाही बसवतील. तिथल्या एका पोराच्या तोंडून मला हायकू ऐकव. तुझा पाठ केलेला चालणार नाही, त्याचा स्वतःचा पाहिजे. ऐकवलास तर सगळी पुस्तकं छापतो. नाही तर पतसंस्था काही वाईट नसते.”

पिंपळझरीला माझी इंदूआत्या दिलेली होती. मी दुसऱ्याच दिवशी एसटीत बसले.

तर पहिल्या दिवशी म्हैस पडली. दुसऱ्या दिवशी मी खार काढली.

“खारुताईचं
शेपूट आधी पळे
मग ती स्वतः”

या वेळी वर्ग हसला. मला बरं वाटलं. गजूनं मूठ वर करायच्या आत मी बोट उगारलं, “महादेव नाही. गजू, खाली.”

“मंग संपलं कसं समजाचं?” त्यानं विचारलं.

“संपतच नाही ते. आपण चित्र बघत राहायचं.”

“कवाभर?”

“मन भरेपर्यंत.”

गजूनं शेजाऱ्याकडे पाहिलं. शेजाऱ्यानं कपाळाला हात लावला. तरी मी नेटानं सांगितलं, उद्या प्रत्येकानं घरचं एक जनावर नीट बघायचं आणि जे दिसलं तेवढंच तीन ओळींत सांगायचं. बढाई मारायची नाही, यमक नाही जुळलं तरी चालेल.

दुसऱ्या दिवशी सगळ्यात आधी गजूच उठला.

“आमची बकरी लय भारी
सरपंचाची खाल्ली सुपारी
सरपंच बसला रडत
बकरी बसली ढेकर देत!”

वर्गानं बाकं वाजवली. हसू मलाही आवरेना.

“हे तू पाहिलंस का रे?”

“पाह्यलं नाई बाई. पण होऊ शकते.”

आत्याकडे रात्रीच्या जेवणाला हे सांगितलं तर आत्या भाकरी थापता थापता थांबली. “अवं, त्या सरपंचाच्या बायकोनं सुपारी शोधून शोधून घर उलथं केलं होतं मागच्या महिन्यात!” म्हणजे गजू अगदीच हवेत बोलत नव्हता. पण त्याला हायकू म्हणायची माझी छाती होईना.

हळूहळू काही मुलांच्या ते ध्यानात यायला लागलं. अतुल नावाच्या मुलानं कोंबडीचं पाणी पिणं सांगितलं: चोच बुडवते, मग आभाळाकडे बघते. शेजल म्हणाली, मांजर झोपली पण कान झोपला नाही. मी खुर्चीवरून उठून नाचायचीच बाकी राहिले. पण त्याच मुलांना “पुन्हा म्हण बरं” म्हटलं, की दुसऱ्या वेळी शेवटी महादेव येऊन चिकटायचाच. उभं राहून चारचौघांत बोलायचं म्हणजे झडतीच म्हणायची, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलं होतं.

आणि रेवतीची तऱ्हा तर वेगळीच होती.

रेवती कुमरे पहिल्या बाकावर बसायची. दोन घट्ट वेण्या, समोरचा एक दात पडलेला, आणि तोंड असं, की एकदा सुरू झालं की गावचं तळं आटेल पण ते आटायचं नाही. तिच्या घरी लाल्या आणि बांड्या असे दोन बैल होते. बांड्याची शेपटी लहानपणी कशानं तरी तुटलेली, म्हणून तो बांड्या.

“रेवती, बांड्याचं काहीतरी सांग.”

“बाई, बांड्या ना, काल कोठ्यात उभा होता, तर लाल्यानं त्याचा कडबा खाल्ला, तर बांड्यानं त्याले ढुसणी देली, तर माझी माय म्हने भांडता कायले रे, तर माझ्या मामाच्या लग्नात बी असंच झालं होतं, बुंदी पुरली नाई, तर मामीकडचे लोकं...”

“रेवती, थांब. बांड्या राहिला.”

“येतेच ना बाई बांड्यावर! मामीकडचे लोकं आले होते बैलबंडीनं, अन् त्या बंडीले कोन जुंपला होता? बांड्या!”

“एवढं सगळं नको गं. यातलं एकच सांग.”

तिनं डोळे मोठे केले. “एकच कसं सांगू बाई? बाकीच्याले वाईट वाटंल ना.”

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मनातल्या मनात तिचं नाव खोडून टाकलं. माझा भरवसा अतुल आणि शेजलवर होता.

पोळ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी सगळ्या वर्गाला घेऊन गावात फिरले. घरोघर बैलांच्या खांद्यांना हळद आणि तूप चोळणं चाललं होतं. वर्षभर जू बसून जिथे घट्टे पडलेले असतात, तिथे माणसं हळूहळू हात फिरवत होती. रेवतीचे वडील, शामराव कुमरे, बांड्याचा खांदा चोळत होते. ते फार बोलणारे नव्हते. घरात बोलायचं काम लेकीनं एकटीनं उचललेलं असल्यामुळे त्यांच्यावर कधी वेळच आली नसावी.

“बाई, हे बैलायले आवतन हाय,” रेवती मला समजावत होती. “उद्या त्यायले काहीच काम नाई. उद्या ते पाहुने. माय त्यायले पुरनपोळी देईन, अन् मंग आमाले. आधी त्यायले. मागच्या साली लाल्यानं परातच...”

“रेवती,” शामराव म्हणाले.

“हाव बाबा,” ती म्हणाली आणि मोजून एक क्षण गप्प बसली.

पोळा छान झाला. आत्याच्या घरासमोरून बैल गेले, शिंगांना बेगड, अंगावर झुली, गळ्यात घुंगरमाळा आणि झेंडूचे हार. बाबांनी आत्याच्या शेजारी फोन करून निरोप ठेवला, की सोमवारी रुजू व्हायचंय, इस्त्रीची साडी आणली आहे. साडीचं ऐकून मला पुरणपोळी गोड लागेना.

आणि दुसऱ्या दिवशी दुपारनंतर तान्हा पोळा भरला.

मारुतीच्या देवळापुढे आंब्याच्या पानांचं तोरण, त्याखाली ओळीनं लाकडी बैल. कोणाचा गुडघ्याएवढा, कोणाचा आगपेटीएवढा. एकाच्या बैलाला खऱ्या बैलाची झूल घातलेली, त्यात तो पुरता बुडालेला. रेवतीचा बैल जुना होता, रंग उडालेला, एक शिंग मोडलेलं. मोडक्या शिंगावर तिनं झेंडूचं फूल खोचलं होतं. मधल्या खुर्चीवर पळसोकर, डोक्याला फेटा, हातात नारळ, सासुरवाडीच्या कौतुकानं फुललेले. शेजारी डोमाजी पाटील. गावात झडती म्हणावी तर डोमाजीनंच, आणि झडती पारखावी तीही डोमाजीनंच. म्हातारा ऐंशीला टेकला होता, पण आवाज अजून शेताच्या त्या टोकापर्यंत जायचा. हलगीवाला बाजूला काड्या उगारून तयार. आरोळी झाली, महादेव झाला, की त्यानं हलगी वाजवायची.

मी पळसोकरांच्या खुर्चीमागे उभी राहिले.

“कोण कोण ऐकवणार?” त्यांनी मान वळवून विचारलं.

“तो निळ्या सदऱ्यातला, आणि ती पिवळ्या फ्रॉकमधली.”

आधी गजू आला. त्याच्या झडतीत त्याचा लाकडी बैल दिल्लीला गेला, लाल किल्ला नांगरून आला आणि येताना पंतप्रधानांसाठी वांगी सोडून आला. माणसं हसून हसून वाकली. महादेवाची आरोळी, मग हलगी. डोमाजींनी मान डोलावली.

मग निळ्या सदऱ्यातला अतुल. तो सुरुवातीला चांगला बोलला, “कोंबडी पाणी पेते...” आणि पुढे माणसांकडे पाहिलं. झालं! त्याचा गळा एकदम फुगला. कोंबडी पाणी पेते, तळं सारं गिळते, आणि मग तिनं हत्तीचं अंडं घातलं आणि महादेव.

शेजलची मांजर तर जागी होऊन वाघालाच भिडली.

हलगी वाजत होती, गाव हसत होतं. पळसोकरांचं पोट हसण्यानं गदगदत होतं. ते वळून मला म्हणाले, “वृंदा, झडत्या बहारदार आहेत हं.” त्यात टोमणा नव्हता, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. माझ्या डोळ्यांपुढे इस्त्रीची साडी आली. म्हैस, खार, मांजर, सगळी आता एका ट्रंकेत जाणार होती. मला रडू यायला लागलं. मी आत्याच्या आड जाऊन उभी राहिले.

“आता कोन?” डोमाजींनी हाक दिली.

“मी जी.”

आवाज ओळखून मी डोळे मिटले. रेवती! आता बांड्या, लाल्या, बुंदी, मामा, मामीकडचे लोक आणि अंधार पडेपर्यंत वऱ्हाडाची बंडी.

ती मोडक्या शिंगाचा बैल ओढत तोरणाखाली आली. वेण्या नव्या रिबिनींनी बांधलेल्या. तिनं बैलाच्या मानेवर हात ठेवला आणि म्हणाली,

“हार आणला
बैलानं वाकवली
मान जुवाले”

आणि थांबली.

सगळे वाट बघत होते. हलगीवाल्याच्या काड्या हवेत. गजूची मूठ अर्धी वर. बायका पदर धरून, पुरुष ओठ उघडून, लहान पोरं टाचा उंचावून. आरोळी आल्याशिवाय कोणी हलायचं नाही, हा गावचा दंडकच. म्हणून कोणी हललं नाही. हसलं नाही, टाळी वाजवली नाही, शेजाऱ्याशी बोललं नाही. आख्खं पिंपळझरी तोरणाखालच्या त्या मोडक्या शिंगाच्या बैलाकडे बघत उभं राहिलं, आणि रेवती आरोळी देतच नव्हती.

मी डोळे उघडले. त्या शांततेत माणसांचे चेहरे बदलताना मला दिसले. आधी नुसती वाट बघणारे होते. मग एकेकाच्या चेहऱ्यावर त्या तीन ओळी पोचायला लागल्या. कालचीच तर गोष्ट. प्रत्येकानं आपापल्या बैलापुढे हार नेला होता. शामराव कुमरे गर्दीत मागे उभे होते. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली, आणि खाली जमिनीकडे बघायला लागले. त्यांच्या शेजारच्या माणसानं त्यांच्याकडे पाहिलं आणि हळूच आपलीच मान चोळली.

शेवटी डोमाजींना राहवेना.

“बोल ना माय, पुढं बोल.”

“झालं जी.”

“झालं?”

“हाव. आता तुमी पाहा.”

म्हातारा खुर्चीत पुढे वाकला. त्याच्या त्या शेतापलीकडे जाणाऱ्या आवाजात तो बोललाच नाही. जवळजवळ स्वतःशीच म्हणाला, “हार आणला. बैलानं वाकवली. मान जुवाले.” मग पंच्यानं तोंड पुसलं. “करते वं माय. असंच करते. साठ वर्सं झाले पाहून राह्यलो, पन बोललो नाई कवा.”

मागून कोणीतरी म्हणालं, “आमचाबी काल असाच वाकला.”

“त्याले काय मालूम, हार हाय का जू हाय,” एक बाई म्हणाली.

हलगीवाल्याचे हात भरून आले असावेत. “पाटील, मंग हानू का हलगी?” त्यानं विचारलं.

“थांब बे जरा,” डोमाजी म्हणाले.

पळसोकरांनी नारळ मांडीवरून खाली ठेवला, फेटा सारखा केला आणि मागे वळले. त्यांचे डोळे लाल झाले होते. ते लपवायला त्यांनी आवाज चढवला.

“त्या बैलाचं चित्र कुठाय?”

“कोणत्या?”

“अगं, कोणत्या काय? त्या पोरीच्या बैलाचं! म्हशी काढल्यास, खारी काढल्यास, विदर्भात राहून बैल काढला नाहीस? बैलाशिवाय मी एक पुस्तक छापणार नाही. त्याच्याखाली तिचं नाव घाल. रेवती काय?”

“कुमरे,” मी म्हणाले आणि आता मात्र खरोखरच रडले. आत्यानं माझ्या पाठीत धपाटा घातला. “आता कायले रडतं वं, येडे!”

मग गजूनं ते सगळं सहन न होऊन स्वतःच आरोळी दिली, गावानं साठवून ठेवलेला महादेव एकदम सोडला, हलगी वाजली आणि देवळावरची कबुतरं उडाली. रेवतीला बोजारा म्हणून डोमाजींनी स्वतःच्या ताटातली पुरणपोळी दिली. ती खाता खाता तिनं त्यांना बुंदीची गोष्ट सुरुवातीपासून सांगितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कागद आणि पेन्सिली घेऊन कुमऱ्यांच्या बैलांच्या कोठ्यात जाऊन बसले. रेवती माझ्या शेजारी उकिडवी बसली.

“एवढं बोलतेस, आणि काल तीनच ओळी कशा गं सुचल्या तुला?” मी विचारलं.

“सुचल्या नाई बाई. परवा पोळ्याच्या सकाळी बाबा हार घेऊन आले, अन् बांड्यानं मान वाकवली. मले हसू आलं. मंग मी बाबाकडं पाह्यलं, तर बाबा हसत नोहते. मंग बाकीचं सांगावंसंच नाई वाटलं.”

बाहेर शामराव बैलबंडी काढत होते. पोळा संपला होता, बैल पुन्हा कामाला. ते जू घेऊन आत आले. आम्हाला पाहून थोडे अवघडले. बांड्याच्या गळ्यात परवाचा हार अजून होता, झेंडू सुकून तपकिरी झालेले. शामरावांनी जू पुढे केलं. बांड्यानं मान वाकवली, अगदी सवयीनं, काही न विचारता. शामराव थांबले. त्यांनी जू भिंतीला टेकवून ठेवलं, बांड्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्या घट्ट्यावरून हळूहळू फिरवत राहिले. बैल मान खाली घालून उभा होता. मग त्यांनी जू उचललं, त्याच्या मानेवर ठेवलं आणि बैलांना घेऊन बाहेर गेले. घुंगरांचा आवाज रस्त्यावरून दूर दूर जात ऐकू येईनासा झाला.

माझी पेन्सिल कागदावर टेकलेली तशीच राहिली. मी सोमवारी पतसंस्थेत गेले नाही, पुढेही कधी गेले नाही. तो बैल मी पुढच्या तीस वर्षांत किती वेळा काढला असेल, पण जो छापला तो त्या सकाळचाच. त्यात माणूस नाही, जू नाही, हारही नाही. नुसती वाकलेली मान आहे आणि पुढचं पान कोरं आहे. कुठल्याही शाळेत ते पुस्तक उघडलं की एखादं पोर विचारतंच, पुढं काय? मी रेवतीचं उत्तर सांगते, “आता तुमी पाहा.”

पण त्या सकाळी सांगायला कोणी विचारलंही नाही. कोठ्यात आम्ही बसलो होतो, दोघीही गप्प.

बऱ्याच वेळानं माझ्या कोपराला हळूच हात लागला.

“बाई,” रेवतीनं कुजबुजत विचारलं, “आता बोलू?”

“बोल,” मी म्हटलं.

आणि तिनं लाल्यापासून सुरुवात केली.